मे महिन्याचं मैदान

"माझा फुरकान गप बसला तर नको भिऊ गो. पन तो हासाया लागला, आल्यागेल्याची खुशाली विचारीत फिराया लागला, तर त्याला एकटा नको सोडू." सासूनं, अजीजाबीनं, हे सांगितलं तेव्हा तस्नीम बिरडं सोलत बसली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात सोडलेले. दाणा चिमटीत दाबला की साल बोटांत राहायची आणि आतला गुळगुळीत वाल टुणकन पातेल्यात पडायचा. त्या कामाला एक लय असते, आणि हाताला लय लागली की माणूस ऐकतंही आणि ऐकत नाहीही. तस्नीम हसली होती. "अम्मी, खुशाली विचारणं वाईट कधीपासून झालं? गप बसल्यावरच भ्यावं माणसानं." अजीजाबीनं पातेल्यातला एक दाणा उचलला, त्याला चिकटून राहिलेली साल नखानं काढली आणि "शिकलेली हायस तू" एवढंच म्हणाली. ते कौतुक होतं की टोमणा, हे तस्नीमनं तेव्हा ठरवलं नाही. ठरवायची गरजच वाटली नाही. त्याच पावसाळ्यात अजीजाबी गेली, आणि त्या दुपारचं तस्नीमजवळ काय राहिलं, तर भिजलेल्या वालांचा तो उग्रट वास, जो साबणानं दोनदा हात धुतले तरी बोटांच्या टोकांना राहतो.

आज शुक्रवारी, दुपार चढताना, पेणहून रोह्याला निघालेली एसटी गडब गावाजवळ अडकली. हायवेचं काम. एका बाजूचा रस्ता खणलेला, दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग, कंडक्टर खाली उतरून कुणाशी तरी तंबाखू मळत उभा. तस्नीम माहेरी निघाली होती, दोन दिवसांसाठी, आणि कितीतरी महिन्यांनी तिचं डोकं हलकं होतं. खिडकीशी बसलेली सुमय्या, चार वर्षांची, काचेला नाक लावून धुळीतनं बाहेर बघत होती. ती म्हणाली, "मम्मी, अब्बूचं जाळं." तस्नीमनं आधी नुसतं "हं" केलं. मग पाहिलं. रस्त्याच्या खालच्या अंगाला, भात कापून गेलेल्या शेतांत, वालाचा एक हिरवा तुकडा होता, आणि त्याच्या भोवती काठ्या रोवून, मोकाट गुरं शिरू नयेत म्हणून, पांढरं नायलॉनचं जाळं ताणलं होतं. जाळी पुष्कळ असतात. कोळ्यांची असतात, भाजीवाल्यांची असतात. पण या जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, फाटलेल्या जागी, गुलाबी लोकरीचा एक जाड टाका होता. ती लोकर सुमय्याच्या उसवलेल्या स्वेटरची. तो टाका तस्नीमचा. गोलपोस्टचं जाळं. घराच्या माळ्यावर, प्लास्टिकच्या पोत्यात, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेलं. ज्याला फुरकान कुणाला हात लावू देत नसे, उंदरांना तर नाहीच. तिच्या नाकात एकदम तो वास आला, भिजलेल्या वालांचा. तिनं पिशवी उचलली, सुमय्याला कडेवर घेतलं आणि कंडक्टरच्या "ताई, आत्ता निघेल गाडी" कडे न बघता ती उतरली.

ते जाळं घरात आलं तेव्हा लग्नात बस्ता उलगडावा तसं फुरकाननं ते ओटीवर उलगडलं होतं. तो कतारहून कायमचा परत आला होता. तिकडे त्याच्या साइटच्या जवळच एक मैदान होतं, तिथं शुक्रवारी संध्याकाळी धंदेवाईक फुटबॉलची खालच्या पायरीची लीग चालायची. मोठी नव्हे. टीव्हीवर न येणारी. ड्रायव्हर, सुतार, बँकेतले कारकून बघायला जमायचे, आणि खेळणाऱ्यांना खेळण्याचा पगार मिळायचा. फुरकान सांगताना 'पगार' या शब्दावर थांबायचा. "इथल्या पोरांच्या पायात काय कमी आहे? गडबच्या ऋत्विकला बघितलंस? तो कंपनीत ड्रम ढकलतो गं, ड्रम. मोठ्या लीगला पोचायला खाली एक पायरी नको? ती पायरी इकडं कुठंच नाय. आपण ती पायरी." पेण, रोहा, नागोठणे, अलिबाग, माणगाव, महाड. सहा गावं, सहा संघ. तस्नीमनं तेव्हा चेष्टा केली होती, "पायरीवर लोक चपला काढतात." आणि तो जोरात हसला होता. ते हसणं वेगळं होतं. ते पोटातनं यायचं, त्याला आवाज होता, आणि ते संपलं की त्याला खोकला यायचा. असं हसणं आणि तसं हसणं, यांतला फरक सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता. बी.कॉम.ला तो शिकवत नाहीत.

बांधावरून उतरताना सुमय्याची चप्पल निसटली. कापलेल्या भाताची खुंटं पावलांना टोचत होती. वालाला जांभळट-पांढरी फुलं होती आणि काही शेंगा भरत आलेल्या. अजून थोड्या दिवसांत लोक मडक्यात भांबुर्ड्याचा पाला नि शेंगा भरून, भाजायला पोपट्या लावतील, धुराचा वास येईल. कृष्णाबाई तुकड्याच्या मधोमध वाकून काहीतरी उपटत होती. ऋत्विकची आई. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं आणि ओळखल्यावर तोंडभर हसली. "अगो, तू? नि बायलाही आनलीस? ये, ये गो पोरी, पाय जपून टाक, वाल हाय."

"काकी, हे जाळं..."

"बघितलंस ना! तुझ्या मालकानं बांधलान. परवा आला, स्वता काठ्या रोवलान, स्वता ताणलान. मी म्हटलं, भाऊ, खेळाची वस्तू ढोरांसाठी कशाला? तर म्हनतो, काकी, कुनाला तरी अडवू दे की त्याला. गोल तर काय अडवलान नाय." आणि कृष्णाबाई त्या विनोदावर हसली, फुरकानच्या वाटचं हसली, आणि मग समाधानानं म्हणाली, "मानूस सुधरला गो. मधी कसा दगडासारा झालेला. आता बोलतो, हासतो. सगल्यांची विचारपूस केलान. आमच्या म्हातारीचे दात, म्हशीचा पाय, जावेच्या पोरीचं लग्न. चा घे म्हटलं तर नको म्हनला, जायचंय म्हनला, अजून पुष्कळ जनांकडं जायचंय."

तस्नीमनं सुमय्याला खाली ठेवलं. पोरगी लगेच जाळ्याशी गेली आणि त्याच्या चौकटींत बोटं अडकवून उभी राहिली, मैदानावर गोलच्या मागं उभी राहायची तशी.

मैदान. पलीकडचा, रस्त्याला लागून असलेला लांबरुंद पट्टा, ज्यात आता काहीच नव्हतं, ते मैदान. तिथं वालही नव्हते, भाताची खुंटंही नव्हती. नुसती फिकट, दाबलेली माती, आणि मध्ये एक नवा, अजून न मुरलेला बांध, जखमेवरच्या खपलीसारखा. फुरकान गल्फला असताना दर वर्षी सुट्टीवर यायचा तो मे महिन्यात. लग्नं मेमध्ये, आंबे मेमध्ये, सुट्टी मेमध्ये. जवळजवळ अर्धं आयुष्य त्यानं आपला मुलूख फक्त मे महिन्यात पाहिला. आणि मे महिन्यात पेणपासून रोह्यापर्यंत काय दिसतं? मोकळं. सपाट, कोरडं, रिकामं, पोरं बॅट घेऊन धावतायत, कुणी कुणाला अडवत नाही. त्याला वाटलं, जमीन अशीच असते. त्यानं हिवाळ्यातलं वेळापत्रक आखलं, तिकडच्यासारखं, थंड हवेतलं. आणि नोव्हेंबरात मैदानं बघायला बाहेर पडला तर भात कापलेल्या ओलीवर जो तो वाल टाकत होता. नागोठण्याला वाल, कोलाडला वाल, रोह्याला वाल. मैदान कुठंच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन तो ओटीवर बसला, म्हणाला, "तस्नीम, मोठा झाल्यापासून मी कधी जानेवारीत घरी नव्हतोच गं." ती हसणार होती, पण त्याचा चेहरा बघून नाही हसली. वालाचं बिरडं तो जन्मभर खात आला होता, आणि तो वाल कधी उभा असतो हे तो पार विसरला होता. यात त्याचा दोष काय, असं तिनं पुष्कळदा स्वतःला विचारलं. पाण्यापलीकडे असलेल्या माणसाला गाव नेहमी एकाच महिन्यात दिसतं.

तेव्हा गुणाजीनं, कृष्णाबाईच्या नवऱ्यानं, आपला पट्टा दिला. कुणी मागितला नव्हता. ऋत्विक पेणच्या संघाचा कप्तान होणार होता, कंपनी सोडून, पगारावर. गुणाजी म्हणाला, "एक वरीस वाल नाय खाल्ला तर मरत नाय कोन. फोडा बांध." बांध फोडा, असं भातवाला माणूस म्हणत नाही. बांधासाठी इथं भाऊ भावाशी बोलत नाहीत, पिढ्या कोर्टात जातात. गुणाजी ते म्हणाला आणि पहिली कुदळ त्यानंच घातली, आणि तस्नीमनं पाहिलं होतं, कुदळ घातल्यावर तो थोडा वेळ तिथंच उभा राहिला, कुणाच्या तरी उशाशी उभं राहावं तसा. मग मुरूम आला, रोलर आला. आजूबाजूचे शेतकरी येऊन बांधावर उभे राहायचे आणि रोलरकडे बघायचे.

आणि तरीही ती लीग हिवाळ्यात झालीच नाही. पेणची पोरं गणपतीच्या कारखान्यांत. जानेवारी लागला की साच्यांवरनं उठायला मिळत नाही. रोह्याची पोरं शिफ्टमध्ये. संघात अकरा असले तरी एका वेळी सकाळपाळीवाले नाहीतर रात्रपाळीवाले. महाडच्या पोरांना पेणकडून खेळ म्हटलं तर, "आमी पेनवाल्यांचा झेंडा कशाला मिरवू? आमचं गाव मेलं काय?" कारण इथं आजवर खेळायचं ते आपल्या आळीसाठी, आपल्या गावासाठी, पगार घेऊन दुसऱ्या गावाचा गोल करायचा म्हणजे घरजावई व्हायचं. मग रमजान. मग लग्नं. शेवटी सामने सुरू झाले ते मेमध्ये. त्याच मे महिन्यात, जो फुरकानला पाठ होता. ऊन असं की चुन्याच्या रेषा डोळ्यांत घुसायच्या. शेजारच्या गावात टेनिस बॉलचं क्रिकेट, लाउडस्पीकर, विजेत्याला मोटरसायकल, माणसं तिकडं. इथं पहिला सामना शून्य-शून्य सुटला आणि शिट्टी वाजल्यावर टाळ्या वाजवायच्या की नाही हे बांधावरच्या लोकांना कळेना. एक म्हातारा म्हणाला, "मंग जिकला कोन?" कुणीच नाही, असं सांगितल्यावर, "मंग एवढा वेल धावत कशाला व्हते?" लोक हसले. फुरकानही हसला. तस्नीम बाजूला सरबताच्या बादलीपाशी उभी होती; सगळं ती बाजूला उभं राहूनच बघत आली. खेळाडूंना निरोप तिनं लिहायचे, जाळं तिनं शिवायचं, जर्सीवरची नावं तिनं तपासायची. आणि शेवटल्या सामन्यात तिनंच आधी पाहिलं: ऋत्विक उजव्या अंगानं सुटला, त्याच्या पुढे कुणी नव्हतं, मोकळं, सपाट, कोरडं, आणि त्याचा पाय एकाएकी जमिनीतच राहिला. भाताच्या मातीला मेमध्ये भेगा पडतात. मुरूम वरवर होता. खालून भेग उघडली होती. ऋत्विक पुढे पडला आणि गुडघा मागं राहिला. आवाज आला नाही. म्हणजे, ऋत्विकचा आला, नंतर. त्याआधी जी एक क्षणाची शांतता होती, तीत तिनं फुरकानकडे पाहिलं, आणि तो जमिनीकडे बघत होता. ऋत्विककडे नाही. जमिनीकडे. जसं काही ती काहीतरी बोलली होती.

"ऋत्विक कुठाय, काकी?"

"पेणला, कारखान्यात. बसून करायचं काम हाय. मूर्त्यांना रंग. बसून बसून पाय आकडतो म्हनतो." कृष्णाबाईनं उपटलेलं तण झटकलं. "तुझा मालक त्याच्याकडंपन गेलेला. आपले बूट दिलान त्याला. नवे हायत गो, तिकडचे. पोराला म्हटलं, तू कुठं आता घालनार? तर रडला पोरगा. फुरकानभाऊ हासत व्हता म्हने, नि ह्यो रडत व्हता."

बूट. ते बूट पलंगाखालच्या पेटीत होते. म्हणजे तिला तसं वाटत होतं. जाळं माळ्यावर आहे असंही तिला वाटत होतं. तस्नीम उन्हात उभी होती आणि तिच्या पाठीवरनं घामाचा एक थेंब फार हळू खाली जात होता. पावसाळाभर फुरकान बोलला नव्हता. ओटीवर बसायचा, पागोळ्यांकडे बघायचा. ज्यांनी लीगला पुढे होऊन हार घातले ते रस्ता बदलायचे, आणि तो बघायचा की ते रस्ता बदलतात. गुणाजीच्या पट्ट्यात, बांध नसल्यानं, पाणी थांबलं नाही. भाताचं आवण लावलं ते पिवळं पडलं. ते बघायला तो एकदा गेला आणि आल्यावर दोन दिवस जेवला नाही. तेव्हा तस्नीम भ्याली होती. जागी राहायची, त्याचा श्वास मोजायची, विळी-सुऱ्या कपाटात ठेवायची, पोरीला मुद्दाम त्याच्या मांडीवर नेऊन बसवायची. सगळी भीती तिनं त्या गप्प महिन्यांवर खर्च करून टाकली. आणि गेल्या आठवड्यात एका सकाळी तो उठला, दाढी केली, आरशात बघून शीळ घातली. सुमय्याला खांद्यावर घेऊन सबंध मोहल्ला फिरवला. जुन्या खेळाडूंना एकेक करून फोन लावले, "कसा आहेस रे? आई कशी आहे?" तस्नीम स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ते ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, सुखाचं. अल्लानं ऐकलं, असं ती शेजारणीला म्हणालीसुद्धा. काल रात्री तोच म्हणाला, "माहेरी जाऊन ये ना दोन दिवस. किती दिवसांत गेली नाहीस. तुझ्या अब्बांना बरं वाटेल." आणि आज सकाळी स्टँडवर त्यानं पिशवी वर ठेवून दिली, खिडकीतनं सुमय्याचे गाल ओढले. "मी जरा मैदानावर जाऊन येतो," म्हणाला. ती "बरं" म्हणाली. कुठलं मैदान, हे तिनं विचारलं नाही. मैदान आता कुठंच नव्हतं.

अजीजाबीनं त्या दुपारी अजून काही सांगितलं होतं. ते तिला आत्ता, या बांधावर, असं आठवलं जणू इतके दिवस ते कुठेतरी पाण्यात भिजत होतं आणि आत्ता त्याला मोड फुटला. फुरकान सतरा वर्षांचा असताना जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव लागलं नाही. महिनाभर गप्प होता. मग एक दिवस त्यानं आपला पतंग, मांजा, सायकलचा पंप, सगळं आळीतल्या पोरांना वाटलं. घरोघर जाऊन म्हातारीकोतारींची विचारपूस केली. "मी खुळी, मला वाटलं पोर शहाना झाला. मी त्या दिशी गोड केला." संध्याकाळी तो घरी आला नाही. "मग?" तस्नीमनं विचारलं होतं, दाणा चिमटीत धरून. "मग काय. खाडीच्या उघाडीवर मिळाला." म्हातारी एवढंच बोलून थांबली होती. तस्नीमनं पुढं विचारलं नाही. उघाडी म्हणजे खाडीकाठच्या खाजणाच्या बांधातली पाणी सोडायची फळी, तिथं पोरं मासे धरायला जातात, एवढंच तिच्या मनात आलं होतं. मिळाला, असं आपण कुणाबद्दल म्हणतो? जो शोधावा लागला त्याच्याबद्दल.

तिनं फोन लावला. तो वाजला, वाजला, आणि त्यानं उचलला. मागं वाऱ्याचा आवाज.

"पोचलीस गं?"

"गडबला अडकलेय. तुम्ही कुठंयत?"

"हायवे ना? अरे देवा. आपली नात त्या रस्त्यावरनं जाईल बघ तेव्हा होईल तो." तो हसला. आवाज न होता हसला, नुसता श्वास. "अब्बांचा गुडघा कसाय? आठवणीनं विचार हां माझ्याकडनं. तुझ्या भावाला कामाचं झालं का? आणि शेजारची ती, पडली होती ना मोरीत?"

"कुठंयत तुम्ही?"

"रोह्याला. आतल्या रस्त्यानं आलो. नदीवर."

"रोह्याला मीच येतेय की! मग सकाळी गाडीवरनंच का नाही नेलंत?"

"तू ये आरामात."

"जुम्याच्या नमाजला नाही गेलात?"

वारा. मग पुन्हा तो श्वास. "पाणी काय छान आहे गं आज. सुमय्याला दे जरा."

सुमय्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. ऐकलं. मान हलवली, लहान मुलं फोनवर हलवतात तशी, पलीकडच्याला दिसतंय असं समजून. मग फोन परत केला आणि पुन्हा जाळ्यात बोटं घातली.

"काय म्हणाले अब्बू?"

"हसले."

तिनं परत लावला. बंद. परत. बंद. मग रोह्याला वडिलांना लावला. मन्सूर, तिचे अब्बा, मशिदीत शिरताना फोन बंद करून खिशात टाकतात, बंदच होता. भावाचा वाजत राहिला. चुलत्यांचा बंद. जुम्याची वेळ. रोह्यातले तिच्या माहेरचे सगळे पुरुष, जे धावत नदीवर जाऊ शकले असते, ते या वेळी खांद्याला खांदा लावून ओळींत उभे होते, आणि त्या ओळींत एकाची जागा रिकामी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईनं उचलला. "अगो, घरात मी एकलीच हाय, काय झालं?" "अम्मा, कुणाला तरी नदीवर पाठव. हे नदीवर आहेत." "मंग असूं दे की, वारा खात असतील." "अम्मा, पाठव!" तिचा आवाज इतका चिरका निघाला की कृष्णाबाईच्या हातातलं तण गळलं. आई म्हणाली, पाठवते, कुणी दिसला तर पाठवते. तस्नीमनं लीगचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट उघडला, कारण सहा गावांची पोरं त्यात होती, रोह्याचीही, हिंदूंची, सगळ्यांची, कुणीतरी असेल मोकळं. गट उघडला आणि खाली खाली सरकत गेली. अमुक बाहेर पडले. तमुक बाहेर पडले. पावसाळाभर एकेक जण बाहेर पडला होता, भांडून नव्हे, सहज, दिवा विझवून खोलीतनं जावं तसा. गटात आता दोघंच होते. ती आणि तो.

कृष्णाबाईला तोवर कळलं होतं. काय झालं ते तिनं विचारलं नाही. बायकांना काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत. ती नुसती म्हणाली, "आगे आये. मी त्याला जाऊ दिला गो. मी बघत व्हते नि जाऊ दिला," आणि शेताच्या टोकाला गुरं हाकत असलेल्या नवऱ्याला तिनं अशी हाक मारली की रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी माना वळवल्या. गुणाजी धावत आला. उतारवयातल्या माणसानं धावू नये तसा, गुडघे फाकून. ऐकलं. वालातनंच, स्वतःच्या वालातनं, शेंगा तुडवत, आडवा रस्त्याकडे निघाला, गाडीवाला कुणी मिळतो का बघायला. जाळं वाटेत आलं. त्यानं ते एका हातानं खाली दाबलं, ओलांडलं, आणि काठी मोडली.

एसटी अजून तिथंच होती. कुणीही कुठंही हलत नव्हतं. मोटरसायकली खणलेल्या बाजूनं उतरायला बघत होत्या आणि मातीच्या ढिगाशी थांबत होत्या. गुणाजी त्यांच्यातल्या एकाच्या हँडलला धरून काहीतरी सांगत होता. तस्नीम गाड्यांच्या रांगेतनं चालत होती, सुमय्या कडेवर, ओढणी धुळीत. तिनं एका काचेवर टकटक केलं. काच खाली आली, आतली थंड हवा तिच्या चेहऱ्याला लागली. "काय हवंय, ताई?" आतला माणूस बरा होता, चेहऱ्यानं बरा; आणि तोही त्याच रांगेत अडकलेला होता, त्याला सांगून काय होणार होतं? पण तिनं सांगायला सुरुवात केली, आणि मग तिला थांबता येईना. मागच्या गाडीला सांगितलं. त्याच्या मागच्या. काच खाली येवो न येवो, ऐकणारा रोह्याचा असो की कुठला, आत्ता इथं असो की उद्या कुठे बसून ऐको.

तुमचं कुणी आहे का हो रोह्यात? तुम्ही स्वतः असाल तर बरंच. नदीवर जाल का जरा? काठाकाठानं बघा, पुलाच्या खालच्या बाजूलाही बघा. उंच आहे, निळा शर्ट आहे, डाव्या पायानं किंचित फेंगडा चालतो, फुटबॉलवाले चालतात तसा. फुरकान नाव. दुरून हाक मारू नका, ओरडू नका. जवळ जा आणि नुसते शेजारी बसा. तो आधी तुमचीच खुशाली विचारील. घरी कोण कोण, आईला बरं आहे का, पोरं शाळेत जातात का, सगळं विचारील. तुम्ही सांगा. लांबवून सांगा, नसलेलंही सांगा. बोलता बोलता विचारा त्याला, जेवलास का. मी येतेय म्हणावं, रस्ता सुटला की येतेय. आणि तो हसला, तर कृपा करून तिथून हलू नका.